हूडच्या गाडीतला पाचवा आवाज

अण्णा, तुमचा डावा कान गेला आहे हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. स्वयंपाकघरात कळलं. आई अंगणात कपडे वाळत घालत होती, मी पाटावर बसून मेथी निवडत होते आणि तुमच्या डाव्या हाताला रॉकेलचा स्टोव्ह असा फरफरत होता की शेजारणीला तिच्या ओट्यावर ऐकू जावा. तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलंत, "चहा ठेवला न्हाई का अजून?" मला वाटलं, चेष्टा करताय. मग मी मुद्दाम तुमच्या डाव्या बाजूला एक ताटली पाडली. तुम्ही शांतपणे पान उलटलंत. मी ताटली उचलली, विसळली आणि कुणाला काही बोलले नाही.

बोलण्यासारखं नव्हतंच ते. भिंगारमध्ये तुमचं नाव कानावर उभं होतं. गाड्यांच्या गाद्या आणि हूड शिवणारे आणखी दोघे-तिघे होते, पण गाडीच्या आत कुठं काय वाजतंय ते शोधून देणारे तुम्ही एकटेच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही तेवढंच काम घ्यायचात. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली, चोविसाव्या वर्षात पदार्पण केलेली, दोन स्थळं येऊन गेलेली आणि तिसऱ्याची कुणाला फारशी आशा नसलेली. सीटची कव्हरं मी मशीनवर शिवायचे. तेवढी मुभा होती. पाना-पकडीला हात लावला की तुम्ही लगेच म्हणायचात, "ते ठेव खाली. शिवायचं ते शिव." रागानं नाही, चहात साखर घालू नकोस म्हणावं इतक्या सहज. मला त्या सहजपणाचाच राग यायचा.

दुष्काळाच्या त्या वर्षी राहात्याचे एक बागाईतदार त्यांची हूडची गाडी घेऊन आले. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा अधिकाऱ्याकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. फिकट हिरवी, दोन दारांची, कापडी छप्पर मागं दुमडून ठेवायची सोय असलेली. ते तुमच्या डाव्या बाजूला उभे राहून बोलत होते आणि तुम्ही गाडीभोवती फिरण्याचं निमित्त करून त्यांना उजवीकडे घेतलंत. हे मी मशीनवरून पाहिलं.

"मिस्त्री, गाडी लई देखणी हाय, पन तोंड मिटत न्हाई तिचं," ते म्हणाले. "आईला शिंगणापूरला न्यायचंय. म्हातारी एकदा बसली, दोन मैलांवर उतरली अन् म्हनाली, हिचे दात वाजत्यात, हिला हिवताप हाय, मी न्हाई बसायची."

"आठ दिस ठेवा," तुम्ही म्हणालात. "गप करून देतो."

पहिल्या दिवशी तुम्ही नेहमीप्रमाणे गाडीला काहीच केलं नाहीत, फक्त ती रिकामी केलीत. मागची सीट काढली तर खाली केसांचे दोन आकडे, एक बटण, शिसपेन्सिलीचा तुकडा आणि शेंगांची टरफलं. डिकीतला जॅक, समोरच्या कप्प्यातली किल्ली, राखेची डबीसुद्धा बाहेर. "आधी बिऱ्हाड काढायचं, मग घर बघायचं," असं तुम्ही म्हणायचात. छप्पर नसलेल्या गाडीचं अंग खराब रस्त्यावर पिळतं, त्यामुळे तिच्यात आवाज जास्त, आणि हूड लावल्यावरचे वेगळे नि दुमडल्यावरचे वेगळे, हेही मी शिवता शिवता इतक्या वेळा ऐकलेलं होतं की झोपेत सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडच्या दारात उभे राहून म्हणालात, "तू बस मागं. माझं ध्यान स्टेअरिंगवर असतं." इतकी वर्षं तुमचं ध्यान स्टेअरिंगवर असूनही तुम्ही एकटेच जायचात. मी चपला घातल्या. आई दारात आली, माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ती कशाला उन्हातान्हात?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ती तुमच्या डावीकडे उभी होती.

पाथर्डीच्या रस्त्याला दुष्काळी कामावरची खडी पसरलेली आहे. बायका डोक्यावर पदर घेऊन दगड फोडतायत, आणि आपली हिरवी गाडी त्यांच्या पुढून बैलगाडीच्या चालीनं जाते, परत वळते, पुन्हा जाते. एक बाई हातोडी थांबवून दुसरीला म्हणते, "यांचं काय हरवलंय गं?" तुमचा नियम असा की गाडीत कुणी बोलायचं नाही. आवाज आला की मी तुमच्या खांद्यावर एक बोट टेकवायचं, मग तुम्ही वेग तोच ठेवायचा आणि मी एकेका जागेवर तळहात दाबून बघायचा. हाताखाली आवाज थांबला की ती जागा. किती सोपं, असं वाटतं. पण दाराची किणकिण मला सीटखालून आल्यासारखी वाटायची, नि सीटची करकर डिकीतून. त्या पहिल्या फेरीत मी सगळं चुकीचं सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. परत आल्यावर एवढंच म्हणालात, "कानानं शोधू नको. कान फसतो. हातानं शोध."

चार आवाज आपण असे काढले. दारातली काच खाचेत हलत होती, तिथं घोंगडीची पट्टी बसवली. हूडच्या कडेचं रबर काचेच्या चौकटीवर चरचरत होतं, त्याला शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड चोळली. पुढच्या सीटच्या एका बोल्टाला वॉशर नव्हता. चौथा तर डिकीच्या झाकणाचा, त्यानं दोन दिवस खाल्ले. प्रत्येक वेळी जागा मी सांगायची आणि पाना तुम्ही चालवायचा. संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला सांगायचात, "आज दाराचं सापडलं." आपलं सापडलं, असं नाही. मी भात वाढून घ्यायचे. पण खोटं कशाला बोलू, मी आयुष्यात तितकी खूश कधी नव्हते.

सातव्या दिवशी तुम्ही गाडी शेडमध्ये लावलीत आणि हात पुसत म्हणालात, "झाली."

"अण्णा, अजून एक आहे," मी म्हणाले. "हूड दुमडलं की डाव्या वळणावर टक टक होतंय."

तुम्ही पुन्हा गाडी काढलीत. हूड दुमडलंत, डावीकडे वळवलीत, एकदा, दोनदा, पाच वेळा. मी प्रत्येक वेळी खांद्यावर बोट टेकवलं. पाचव्या वेळी तुम्ही खांदा झटकलात. घरी येऊन आईसमोर म्हणालात, "माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीत हिला आवाज याया लागला. चार दिस मागं बसली तर मिस्त्री झाली व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना काही म्हणू नको. त्यांना कळतंय गं." तेव्हा मला समजलं की तिनंही कधीतरी एखादी ताटली पाडून पाहिली असणार.

आता प्रश्न असा होता की दुसऱ्या दिवशी बागाईतदार आईला घेऊन येणार, म्हातारी गाडीत बसणार आणि ती टकटक तिला ऐकू येणार. तुम्ही म्हणणार, आवाज नाही. मग सगळ्यांसमोर जे उघड झालं असतं ते डिकीच्या झाकणासारखं दुरुस्त होण्यातलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात आणि मी शेडमध्ये गेले. हूड दुमडून सीटच्या मागच्या खणात बसवलं आणि एकटीनं गाडी बाजूनं ढकलून हलवत एकेका लोखंडी कांबीवर तळहात ठेवत गेले. डाव्या बाजूच्या सांध्यातली पिन सैल होती, आणि कांब दुमडल्यावर त्या पिनीचं टोक आतल्या पत्र्याला टेकत होतं. तुमच्या पेटीतून पाना काढला. जुन्या खोगिराच्या कातड्यातून एक गोल चकती कापली, पिनीखाली बसवली, आवळली. हाताला वंगण लागलं ते मी पदराला पुसलं नाही, बराच वेळ तसंच राहू दिलं.

म्हातारी आली ती नऊवारी, हातात काठी, चेहऱ्यावर पूर्ण अविश्वास. तुम्ही तिला पाथर्डीच्या रस्त्यानं नेऊन आणलंत, हूड लावून आणि उघडं ठेवून. ती उतरली आणि लेकाला म्हणाली, "आता गप हाय. हिला लगीन झाल्यावानी वळन लागलंय." सगळे हसले. बागाईतदारांनी तुमचा हात दोन्ही हातांत घेतला, "मिस्त्री, काय कान हाय तुमचा!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ओशाळून नाही, विजयानं. बघ, आवाज नव्हताच, असं ते पाहणं होतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

निघताना बागाईतदार माझ्याशी बोलायला मशीनपाशी आले. माणूस दिसायला गबाळा, पण नजर बारीक. "ताई, वडलांना डाव्या बाजूनं ऐकू येत न्हाई, व्हय ना? माझ्या मेव्हण्याला असंच हुतं. पुण्याला कानाचा डॉक्टर हाय, आपल्या वळखीचा. येत्या सोमवारी मी गाडी घेऊन जानार हाय. त्यांना संगं नेतो, संध्याकाळी आनून सोडतो. तुमी इचारा. मी इचारलं तर त्यांना लागंल."

"विचारते," मी म्हणाले.

तो सोमवार आला नि गेला. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, निदान अर्धं. तुम्ही आणखी गाड्या घेतल्यात, मी मागं बसत गेले. दिवाळीला तुम्ही मला पान्यांचा एक नवा संच दिलात, कागदात गुंडाळून, जसं काही चोळीचं कापड. "तुझ्या हाताला बारके पाने बरे," एवढंच म्हणालात. चार वर्षांत उजवा कानही गेला. मग तुम्ही माझ्या ओठांकडे पाहायला लागलात, आणि आई गेल्यावर ते पाहणंही कमी केलंत. शेवटी शेवटी गाडी चालवत होते मी, आणि मागच्या सीटवर तुम्ही तळहात टेकून बसायचात. कुठं थरथरतंय ते तुम्हाला तेव्हाही माझ्याआधी कळायचं. तुम्ही गेल्यावर दुकान मी नगरला नेलं आणि पस्तीस वर्षं चालवलं. लग्न केलं नाही, त्याची हळहळ लोकांना माझ्यापेक्षा जास्त वाटली.

मध्यंतरी एका कानाच्या डॉक्टरची गाडी आली होती. काम झाल्यावर मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, असा एक प्रकार असतो ज्यात शस्त्रक्रियेनं ऐकू येतं, त्या काळीही यायचं, आणि असेही प्रकार असतात ज्यात काही करता येत नाही. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मी आभार मानले आणि त्यांच्या दाराची काच पुन्हा एकदा वरखाली करून पाहिली.

हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे सरळ लिहिता येतं. त्या सोमवारबद्दल मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की तुम्ही मानी होतात, मी विचारलं असतं तर माझा कान उपटला असतात आणि पुण्याला गेला नसतात. तसं नव्हतं. रविवारी तुम्ही उंबऱ्यावर बसून उजव्या कानाशी घड्याळ धरलंत, मग डाव्या कानाशी, पुन्हा उजव्या. मी दारातून पाहत होते. मी एक शब्द बोलले असते तर तुम्ही तिथूनच उठून कपड्यांना इस्त्री करायला घेतली असतीत. तुम्ही हो म्हणाला असतात, अण्णा, आणि बरे होऊन आला असतात तर मला परत मशीनवर बसवलं असतंत. म्हणून मी विचारलं नाही.