खालच्या खुर्च्यांसाठी माझं घर

मी, ओडेसा मे टॉलिव्हर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हॅडलर्स फेरी, अलाबामा, निवृत्त शाळाबस-चालक आणि माउंट नेबो चर्चमध्ये पन्नास वर्षं लोकांना जागेवर बसवणारी सेविका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला त्यांची नावं पुढे येतीलच. आधीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत, ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहिते आहे, पण विचार करून.

कलम १. बिडाचा तवा माझी भाची व्हर्लीन हिला. साबण लावलास तर तो परत न्यायला मी येईन.

कलम २. केकचा साचा चर्चमधल्या मैत्रिणीला, अर्नेस्टीनला. चाळीस वर्षं ती माझी कृती स्वतःची म्हणून सांगत आली. निदान साचा तरी तिचा असू दे.

कलम ३. घर आणि जागा. इथे कारण सांगणं भाग आहे, नाहीतर वकील मला वेडी ठरवतील.

१९६२ साली, सोळा वर्षांची असताना, मी इथल्या थिएटरात खालच्या खुर्चीवर बसले. आम्हां काळ्यांनी बाजूच्या जिन्याने वर जायचं, असा तेव्हा नियम होता. पोलिसांनी मला उचलून नेलं. आता त्यावर त्याच थिएटरात नाटक आलं आहे. त्यातली मुलगी पोलिसांपुढे दहा मिनिटं भाषण करते. मी एवढंच म्हणाले होते, "साहेब, माझं पॉपकॉर्न संपू द्या." थिएटरच्या दारावर पितळी पाटीही लागली. तिचं अनावरण शाळा मंडळाचे अध्यक्ष हार्लन स्टोक्स यांनी केलं. त्या दिवशी पोलिसांना फोन करणारा मॅनेजर म्हणजे त्यांचे वडील. हे पाटीवर नाही.

या फेब्रुवारीत व्हर्लीनने तिच्या सातवीच्या वर्गाला हे नाटक दाखवायचं ठरवलं. मुलांना अस्वस्थ वाटेल म्हणून मंडळाने पालकांकडून तीन पानी संमतीपत्र मागितलं. हीच मुलं दरवर्षी यादवी युद्धाच्या जुन्या रणांगणावर तोफा उडताना बघायला जातात, तेव्हा अर्धं पान पुरतं.

मी सोबत गेले. दारातला तिकीटवाला म्हणाला, "शाळेची मुलं वर. बाजूच्या जिन्याने."

"मावशी, काही बोलू नकोस," व्हर्लीन म्हणाली. "परवानगी कशी मिळवलीय ते माझं मला माहीत."

"मी कुठे बोलतेय?"

"तुझा चेहरा बोलतोय."

खाली कोण बसणार, असं मी तिकीटवाल्याला विचारलं. "मंडळाची माणसं," तो म्हणाला. "जेवून येतायत."

मी पर्समधून चर्चचे पांढरे हातमोजे काढून घातले. डावा हात पाठीमागे, उजव्याची दोन बोटं पुढे. आमच्या चर्चच्या मुलांना ही 'माझ्यामागे या'ची खूण बोलायला लागायच्या आधीपासून कळते, आणि बाकीची त्यांच्या मागून आली. एक्केचाळीस मुलं, तोंडातून शब्द न काढता, पुढच्या चार रांगांत. तिकीटवाला मला थिएटरचीच समजला. त्याने दार धरून ठेवलं.

मग मंडळ आलं.

"मिस ओडेसा, आमच्या जागा?" हार्लनसाहेबांनी विचारलं.

"वर आहेत. बाजूचा जिना. जपून, चौथी पायरी डगमगते."

"कधीपासून?"

"माझ्या लहानपणापासून."

गेले सगळे निमूट. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी ते आमच्या चर्चला येतात आणि मीच त्यांना बसवते. त्या हातमोज्यांमागे चालायची त्यांना सवय आहे.

परतताना बसमध्ये एका मुलीने विचारलं, "मिस ओडेसा, तुम्ही खरंच एवढं बोललात?"

"छे गं. मला पॉपकॉर्न संपवायचं होतं."

"मग तुम्हाला उठवलं कशाला?"

दहा मिनिटांच्या त्या भाषणात याचं उत्तर नव्हतं. पण हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारला पाहिजे.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. बसण्याच्या व्यवस्थेत अडथळा आणल्यामुळे सहल कायमची बंद, व्हर्लीनला ताकीद.

आता माझी जागा, घरासकट. ती शाळेच्या फुटबॉल मैदानाला लागून आहे आणि गाड्या लावायला मंडळ ती दहा वर्षं मागतंय. दिली. अट अशी: दर फेब्रुवारीत व्हर्लीनने सातवीचा वर्ग नाटकाला न्यावा, पुढच्या दाराने आत, खालच्या खुर्च्यांवर. अध्यक्षांनी वर बसावं. त्यांना अस्वस्थ वाटण्याचा संभव असल्याने त्यांच्या घरून तीन पानी संमतीपत्र घ्यावं. एक वर्ष जरी चुकलं, तर जागा माउंट नेबोच्या गायकवृंदाला, ढोलांसह सरावासाठी, फक्त सामन्याच्या दिवशी.

कलम ४. हातमोजेही व्हर्लीनला. तू लाजरी आहेस, पण हातमोज्यांना तोंड नसतं, त्यामुळे चालून जाईल. माझ्या अंत्यविधीला मंडळ येईलच. हार्लनला मागे उभा ठेवू नकोस. डावा हात पाठीमागे, दोन बोटं पुढे, आणि त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसव. माणसाला जागा कशी द्यायची, हे त्याला जवळून दिसू दे.

अर्नेस्टीन साक्षीला तयार होती. पण जिला काही मिळतं तिने सही करू नये, असं वकील म्हणाले. साचा की सही, असं विचारल्यावर तिने साचा घेतला.

साक्षीदार: रूफस गेंट, न्हावी. क्लारीस बोहॅनन, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त.

सही: ओडेसा मे टॉलिव्हर
हॅडलर्स फेरी, माझ्या ओसरीवर, ९ मे २०२४