वरचे दात

४ ऑक्टोबर १९७८, मांजरी
आलो एकदाचा पुण्यात. म्हणजे पुण्याच्या बाहेर, पण उदगीरला कळवताना पुणंच म्हणणार. खोली गोठ्याला लागून, खिडकीतून ऊसच ऊस. मालक दत्तोबा उसाच्या गाड्यांसाठी बैल विकतात. गिऱ्हाईकाला बैलाचे दात दाखवायचे, हे माझं काम. चौथी नापास आहे म्हटल्यावर मालक म्हणाले, बैलही नापासच आहेत, जमेल तुमचं. वय पटाशीच्या दातांवर कळतं. दोन मोठे आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. हे दात फक्त खालीच. वर नुसती कडक हिरडी, म्हणून वर कुणी बघत नाही. दिवाळीनंतर मामाच्या मैनाशी माझं लग्न. तोवर इथं मजेत.

११ ऑक्टोबर
कसली मजा. शेण, पेंड, परत शेण. बुधवार पेठेत रेडिओ बघून येतो म्हटलं तर मालक म्हणाले, रेडिओ कुठं पळून चाललाय? दिवाळीला लवकर सोडा म्हटलं, तर ऐकूच आलं नाही. नवराबायको भाकरी दुधात कुस्करून खातात. मालकांच्या मिशा तोंडावर, मालकीण तुळजाबाईंचा पदर तोंडावर. मागच्या दावणीला एक पांढरा बैल आहे. तो विकायचा नाही, त्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. का, तर सांगितलं म्हणून.

१५ ऑक्टोबर
फुरसुंगीचे सर्जेराव बैल बघायला आले. त्यांना पांढराच आवडला. मालक आत जेवत होते. म्हटलं, हा विकला तर खूश होऊन सोडतील. जबडा उघडला. खाली जुळलेला. बैलानं मान झटकली, अंगठा वर सरकला, धारेचं काहीतरी लागलं. बघितलं तर वर दात. चपटे, माणसासारखे. एकावर तंबाखूचा डाग. सर्जेराव सायकल घेऊन निघून गेले. मालकांना सांगितलं तर म्हणाले, दात खालचे बघतात, एवढंही शिकवलं नाही का बापानं?

१८
ऊस सोलताना समोरचा वरचा दात सालीत अडकून राहिला. रक्त नाही, दुखणं नाही. मालक म्हणाले, पुण्याचं पाणी मानवलं नसेल.

२०
दुसराही गेला. तुळजाबाईंना विचारलं, चिडूनच. त्यांनी पदर खाली घेतला. वर सपाट हिरडी, गुळगुळीत, बैलाची असते तशी. म्हणाल्या, त्याच्या वरच्या हिरडीला हात लागला की आपले दात त्याला जातात. आधी आमच्या दोघांचे गेले, मग मच्छिंद्र गड्याचे. विकला तर चालत परत येतो. आणि दातांवर भागत नाही त्याचं, म्हणाल्या. मच्छिंद्र कुठं आहे विचारलं, तर पदर परत वर.

२२
पेटी भरली होती. निघणारच होतो. तेवढ्यात मामाचा निरोप आला, उद्या इथं येतोय, मला बघून तारीख धरणार. असल्या तोंडानं? समोरचे वरचे चारही गेलेत. बोललो की नुसती फुसफुस. मैनाला काय सांगू, बैलानं नेले? मला फक्त लवकर सुटी हवी होती —

२३, सकाळ
पांढरा रवंथ करत नाही. नुसते ओठ हलवतोय.

दुपार
मामा आला. अंगणातून हाक मारली. मी कडी लावून आत. ओ द्यायला तोंड उघडलं आणि — माझ्या तोंडून निघाला तो आवाज माझा नव्हता.

ओ गोठ्यातून, पांढऱ्याच्या दावणीवरून गेली. माझ्याच आवाजात. या मामा, पाय धुवा. मैना कशी आहे विचारतोय. मामा हसतोय. म्हणतो, अंधारात काय बसलास, बाहेर ये की.

दावं सुटलं.

मी ओरडतोय. मामा विचारतो, आत कुठलं जनावर हंबरतंय रे? तो म्हणाला, नवीन आहे, विकायचंय, दाखवतो —

बोटं चिकटताहेत. पेन धरवत नाही

वहाणा वाजताहेत दाराशी. दोघांच्या. मामा, नको, कडी