रिकामा लूम

नाना, उद्या सकाळी पुण्याहून एक बाई कॅमेरा घेऊन येणार आहे आणि 'वडिलांना तुमचं वाजवणं आवडायचं का', असं मला विचारणार आहे. प्रश्न तिने फोनवर आधीच सांगून ठेवलाय, म्हणजे उत्तर देताना डोळ्यांत पाणी आणायला मी मोकळा. सोलापुरातला कंट्री रॉक बँड इतकी वर्षं टिकला कसा, यावर ती फिल्म करते आहे. आम्हाला ती इंडिपेंडंट म्हणते. ज्याला कुणी विचारत नाही त्याला इंडिपेंडंट म्हणतात, असं मी म्हणालो, तर तिला ते इतकं आवडलं की तेव्हापासून मला तिचाही संशय येतोय.

सुरुवात तुमच्याच कारखान्यात झाली. आपल्या सोलापुरी भवानी पेठेत सुट्टीच्या दिवशी टॉवेल-चादरींचे लूम बंद, आणि आम्हाला फुकटची जागा. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमधल्या मित्राने कुठूनशी एक कॅसेट आणली होती. अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी, त्यांना इलेक्ट्रिक गिटार जोडलेली. झालं, आम्हीही घोडा, धूळ आणि सोडून गेलेली बाई यांच्यावर इंग्रजीत गाऊ लागलो. घोडा आमच्यापैकी कुणी वरातीबाहेर पाहिला नव्हता, आणि बाई सोडून जायला आधी यावी लागते. धूळ तेवढी स्वतःची होती. तुम्ही दारात आलात.

"एरा, लग्न कुणाचं हाय?"

ड्रम वाजवणारा गल्लीतलाच, टेम्पोवाल्याचा मुलगा. तो म्हणाला, "चाचा, अमेरिका का गाना है."

"मग तितंच जाऊन वाजवा की."

आणि तुम्ही आत जाऊन कोपऱ्यातला लूम सुरू केलात. पुढे दर सुट्टीला तेच. आम्ही तारा जुळवल्या की तुमचा लूम खडखडायला लागायचा. हा माणूस आपला आवाज दाबतोय, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आम्हाला एकमेकांचं काही ऐकू यायचं नाही. तुमचे कामगार जसे हातांनी बोलायचे तसेच आम्हीही बोटांनी, भुवयांनी खुणा करून वाजवायला शिकलो, आणि ड्रमवाला लूमच्या ठोक्याला ठोका लावायला.

त्याचं फळ पुण्याच्या एका कॉलेजात मिळालं. पहिलाच खरा स्टेज. पडदा उघडला, मी मान हलवली, आणि हा गडी काठ्या वर धरून तसाच बसलेला.

"शुरू कर की बे!"

"मशीन कहाँ है?" तो म्हणाला, आणि माइकने ते सगळ्या हॉलला ऐकवलं. हॉल हसला. मग आम्ही वाजवलं, पण आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांचं ऐकू येत होतं, त्यामुळे घाबरून असं पळत सुटलो की गाणं संपलं तेव्हा मी एक कडवं मागेच होतो.

घरी तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "लूमच न्यायचा होता की सोबत," एवढंच म्हणालात. हसला नाहीत. मी चिडून पुढच्या सुट्टीला मुद्दाम त्या कोपऱ्यात गेलो. आजही तो लूम मला तसाच दिसतो. त्यावर ताण्याचा एक उभा धागा नाही. धोटा इकडून तिकडे धावतोय आणि त्यात कांडी नाही, सूत नाही. टॉवेल नाही, चादर नाही, नुसता खडखडाट. पंखा चालू राहिला तर घर डोक्यावर घेणारा माणूस वीज जाळून रिकामा लूम चालवत उभा आहे.

"नाना, हे काय विणताय?"

"तेल पाजलंय. चालवून बघायलोय."

"दर आठवड्याला?"

तेवढ्यात समोरचे म्हातारे दारात आले. सगळ्या पेठेवर खेकसणारे. "आज सुट्टी ना? हा कसला गोंगाट?"

"कारखाना हाय," तुम्ही म्हणालात. "मशीन वाजणार नाही तर काय आरती होणार व्हय?"

म्हातारे मुकाट्याने गेले. भवानी पेठेत गिटारवरून भांडण होऊ शकतं, लूमवरून नाही. मी गिटार गळ्यात घेऊन तसाच उभा राहिलो. म्हणजे तुम्ही आम्हाला लोकांपासून झाकत होता? की तुम्हालाच आम्ही ऐकायचे नव्हतो, आणि म्हाताऱ्यांना परतवणं हा वरचा फायदा? खडखडाट दोन्ही अर्थांना सारखाच लागू पडतो.

पुढे आम्ही मराठीत आलो. घोडे गेले, टेम्पो आले. कुंभारीच्या रस्त्यावर गाणं झालं, होटगीच्या सिग्नलवर झालं. तुम्हाला शब्द कळले असते अशी गाणी आली तेव्हा तुम्ही राहिला नव्हता, त्यामुळे तोही पुरावा हाती नाही.

आज ड्रमवाला घरी आला होता. फिल्मवर त्याने फार आशा लावलीय. "बोल दे, पसंद था बोलके."

"आणि नसलं तर?"

"तो चाचा उठके ना बोलने आ रहे क्या?"

त्याचं सोपं आहे. मी वर्षानुवर्षं पेपरातल्या माझ्या सदरात लोकांच्या असल्याच गोड आठवणी सोलून काढल्या. बाप कडक होता पण आतून मऊ होता, हे वाक्य दिसलं की माझी लेखणी आपोआप उठते. आता तेच वाक्य तुमच्यावर, माझ्याच वडिलांवर चिकटवायचं, तेही कॅमेऱ्यासमोर. उद्या 'आवडायचं' म्हणालो की तेच कायमचं खरं होणार. तुम्ही त्या फिल्ममधले नाना होणार, आणि मग माझ्याजवळचे तुम्ही कुठे राहणार?

तरी मी 'आवडायचं' म्हणणार आहे. हे तुम्हाला कळवायची सोय असती तरी कळवलं नसतं, नाना. तुम्ही खरं काय ते सांगून टाकलं असतं.