विरळ वस्तीच्या देशातून परतल्यावर ठरवलेली घराची व्यवस्था

मी, शिवकांता भ्रतार शरणबसप्पा हत्तरगे, वय साठ, निवृत्त शिक्षिका, राहणार तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी नजर अधू झाली आहे, गुडघे कामातून गेले आहेत, परंतु डोके शाबूत आहे. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण माझा पुतण्या गुरुलिंग गावभर सांगत फिरतो की, परदेशातून आल्यापासून काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. परिणाम झाला हे खरे. तो कसला, हे खालील कलमांवरून कळेल. मला कोणी धाक घातलेला नाही की लालूच दाखवलेली नाही. माझे वकील बाबूराव कुलकर्णी यांनी मात्र, "बाई, मृत्युपत्रात इतकं बोलत नसतात," असे सांगून पाहिले. मी म्हटले, "थोडक्यात लिहिलं की जो तो आपल्या सोयीनं अर्थ काढतो. मला कुणाची सोय बघायची नाही."

कलम १. तुळजापुरातील माळवदाचे चार खोल्यांचे घर, पुढचा ओटा व मागचा आड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दगडोबा माळी यांचे घर, उत्तरेस बोळ, आणि दक्षिणेस गुरुलिंगची न्हाणी, जिची भिंत त्याने मी नसताना हातभर माझ्या हद्दीत सरकवली आहे. ती पाडून घ्यावी. या घरात सासरचा एक दगडही नाही. माझे पती शरणबसप्पा मुलगा चार वर्षांचा असताना वारले, तेव्हा दिराने मला आळंदला माहेरी पोचवले आणि बैलगाडी वळवून तो तसाच परत गेला. मी माहेरी राहून शिकले. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर तुळजापुरात मुलींच्या शाळेवर नेमणूक मिळाली. पुढे राज्यांची नवी आखणी झाली आणि माझे माहेर म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून इथले लोक मला "कानडी बाई" म्हणतात. हे घर बांधले तरी म्हणतात. त्यांच्या घरच्या मुलींना मराठी शुद्धलेखन कोणी शिकवले, हे त्यांनी एकदा आठवून पाहावे.

कलम २. घर कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी मला कॅनडाविषयी लिहिणे भाग आहे.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पुस्तकात कॅनडाची माहिती ठरलेली: गहू, लाकूड, बर्फ, विरळ लोकवस्ती. मीही मुलींकडून तेच घोकून घेतले. पुढे माझा एकुलता मुलगा चन्नवीर हैदराबादला इंजिनिअर होऊन १९६४ साली टोरांटो शहरात गेला, मागोमाग सून विमल गेली, आणि ६६ साली विमलच्या बाळंतपणासाठी त्यांनी मला बोलावून घेतले. तिथे उतरले तर विरळ वस्ती कुठेच दिसेना. जिकडे पाहावे तिकडे माणसे आणि यंत्रे. रस्ते खणलेले, जुनी घरे पाडलेली, त्या जागी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उठत होत्या. चन्नवीर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "अव्वा, जगभरातून लोक येतात इथं. दर वर्षी शहर वाढतं." मी म्हटले, "ते दिसतंय रे. पण आलेल्यांना राहायला जागा कोण देतं?"

त्याचे उत्तर विमलने नंतर भांडी घासताना सांगितले. फोनवर खोली रिकामी असायची. दोघे दारात जाऊन उभे राहिले, त्यांचे चेहरे दिसले, की ती नुकतीच दिली गेलेली असायची. विमलला तेव्हा तिसरा महिना होता आणि बर्फ पडत होते. शेवटी मिसेस हॉब्स नावाच्या म्हाताऱ्या विधवेने आपल्या घराचा वरचा मजला दिला. मी विमलला म्हटले, "देवमाणूस म्हणायची." विमल म्हणाली, "देवमाणूस कसली, आत्याबाई! त्यांनी तोंडावर सांगितलं, मला भाड्याची गरज आहे, नाहीतर दिली नसती." मला ते बोलणे फार पटले. लोकांच्या चांगुलपणाची वाट पाहत बसले असते तर माझा नातू रस्त्यावरच जन्मला असता.

या मिसेस हॉब्स रोज दुपारी मला खाली चहाला बोलवायच्या. त्या खिडकीपाशी बसून गल्लीतले एकेक घर दाखवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा प्रत्येक दारातला माणूस त्यांच्या ओळखीचा, त्यांच्याच चर्चमधला होता. आता त्या घरात इटलीचे, पलीकडे पोर्तुगालचे, कोपऱ्यावर हंगेरीतून पळून आलेले, आणि त्याच्याही पुढे चिनी माणसाचे धुलाईचे दुकान. एकदा त्यांनी आम्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात असलेल्या लिंगाच्या चांदीच्या डबीकडे बोट करून विचारले, "यात औषध ठेवता का?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले, "देव आहे." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत काहीतरी विचारले. विमल सांगेना. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "त्या विचारतात, ही सगळी माणसं आपल्या देशात परत कधी जाणार?"

हे त्या मला विचारत होत्या! मी विमलला म्हटले, "सांग त्यांना, तुमचा आजा तरी इथल्या झाडाला लागला होता का, ते आधी सांगा."

विमल त्यांच्याशी हसून काहीतरी बोलली. बाईंनी खूश होऊन माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी विचारले, "काय सांगितलंस?" विमल म्हणाली, "आत्याबाई म्हणतात चहा फार छान झालाय."

मला राग आला होता, पण वरच्या जिन्यात आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. सून मला त्या दिवशी कळली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बांधकाम कंपनीने ती सगळी ओळ विकत घेतली. मिसेस हॉब्सनीही घर विकले. तिथे जी इमारत उभी राहणार होती तिचा नकाशा माझ्या मुलाच्या कचेरीत निघत होता. तो घरी येऊन सांगायचा, एका गल्लीच्या जागेत किती कुटुंबे मावतील. मी विचारले, "आणि ही बाई कुठं मावणार?" तो म्हणाला, "अव्वा, तू प्रत्येक गोष्ट अशीच विचारतेस." मुलीचे घर दूर आणि लहान, म्हणून मिसेस हॉब्स भाड्याची खोली शोधत हिंडल्या. एकट्या म्हातारीला कोणी ठेवून घेईना. पडेल, मरेल, निस्तरणार कोण. शेवटी पुढच्या गल्लीतल्या इटालियन कार्मेलाने आपली खालची खोली त्यांना दिली, पहिल्या तारखेचे भाडे हातात घेऊन. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या तिथल्या खिडकीत बसल्या होत्या आणि कार्मेलाच्या स्वयंपाकाला लसणाचा वास फार येतो म्हणून कुरकुरत होत्या. कार्मेला आतून त्यांच्यावर ओरडत होती. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातले अक्षर कळत नव्हते, पण भांडण व्यवस्थित चालले होते.

कलम ३. आता इथले. जाण्यापूर्वी मी मागची खोली अयोध्या कांबळे हिला दिली होती. ती आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची, सरकारी दवाखान्यात नर्स, जातीने बौद्ध. या गावात तिला कोणी खोली देत नव्हते. घराच्या किल्ल्या मी गुरुलिंगकडे ठेवल्या, हा माझा विश्वास होता. जून ६७ मध्ये परत आले तर माझ्या तिन्ही खोल्यांत देवीच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू पथाऱ्या टाकून पडलेले, चौथीत गुरुलिंगची ज्वारीची पोती, आणि अयोध्या दवाखान्याच्या औषधांच्या कोठीत राहत होती. गुरुलिंगला ओट्यावर बोलावून घेतले.

"काकू, लोक लई बोलायलेत," तो म्हणाला. "ती आपल्या आडाचं पाणी शेंदायली, मग काय करू? घराण्याचं नाव हाय का न्हाय?"

"तुझी बायको अडली होती तेव्हा रात्रभर कोण बसलं होतं?"

"ते दवाखान्यात, काकू. दवाखाना येगळा, घर येगळं."

"गळ्यात लिंग बांधून जात बघतोस?"

"तुमी परदेशातून आलाव, तुमाला आता इथलं काय कळना झालंय."

मी यात्रेकरूंना त्यांचे पैसे परत द्यायला लावले, पोती रस्त्यावर काढली आणि टांगा घेऊन दवाखान्यात गेले. अयोध्या यायला तयार नव्हती. ती पेटीवर बसून राहिली. म्हणाली, "बाई, तुमी हाईत तवर ठीक हाय. तुमच्या माघारी कोण हाय? तवा पुन्हा मला पेटी उचलायला लावतेल." मी तिला खूप समजावले, मुलगा आहे, सून आहे, सगळे चांगले आहेत म्हणून. ती म्हणाली, "चांगले असतेल. पर लिवून दिल्यालं काय हाय?"

तिला मी त्या दिवशी टांग्यात बसवून आणले खरे, पण उत्तर माझ्याकडे नव्हते. हे मृत्युपत्र म्हणजे ते उत्तर आहे. त्याला जवळजवळ दीड वर्ष लागले, याचे कारण माझा मुलगा. मी त्याला सर्व कळवले. ज्याला टोरांटोत दारोदार नकार मिळाला, तो मला लिहितो की गावाशी वैर नको, गुरुलिंगला सांभाळून घे, उगीच एका नर्सपायी भावकी तोडू नकोस, त्यापेक्षा घर विकून इकडेच ये. वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही. बर्फात उभा राहिलेला मुलगा इतक्या लवकर कोरडा कसा झाला, हे मला अजून समजलेले नाही.

कलम ४. म्हणून माझ्या पश्चात घराची मालकी मुलाकडे न जाता सूनबाई विमल हिच्याकडे जाईल. चन्नवीरने वाईट वाटून घेऊ नये. वाटलेच तर घ्यावे. अट अशी की, अयोध्या कांबळे हिला मागच्या खोलीत तहहयात राहण्याचा आणि आडाचे पाणी भरण्याचा हक्क राहील. उरलेल्या खोल्या बाहेरगावाहून नोकरीसाठी आलेल्या बायकांनाच द्याव्यात, मग शिक्षिका असो, नर्स असो की ग्रामसेविका. जात विचारू नये, नवरा कुठे आहे हे विचारू नये. अयोध्या हयात असेतो घर विकता येणार नाही.

कलम ५. गुरुलिंगला माझी लोखंडी खाट आणि ज्वारीची कणगी द्यावी. त्याची पोती ठेवायची अडचण होते म्हणून. याहून अधिक त्याने मागू नये. त्याची बायको शामला हिला माझे जरीकाठी इरकली लुगडे द्यावे. तिने माझ्या माघारी अयोध्येला दोन वेळा चोरून भाकरी पोचवली, हे मला उशिरा कळले.

कलम ६. सोन्याच्या पाटल्या विमलला. मिसेस हॉब्सनी मला दिलेला लोकरीचा कोट इथे कोणाच्या उपयोगाचा नाही, तरी तो फेकू नये. माघात अयोध्येला दवाखान्यात रात्रपाळी असते.

कलम ७. जगाचा नकाशा आणि पृथ्वीचा गोल मुलींच्या शाळेस. शिकवणाऱ्या बाईंनी कॅनडाच्या धड्याला "विरळ लोकवस्ती" वाचून थांबू नये. देश विरळ असून शहर दाटीचे कसे होते, आणि ती माणसे कुठून कुठून व का येतात, हे मुलींना विचारू द्यावे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावे. मी म्हटले नाही, कारण मला कोणी विचारलेच नाही.

कलम ८. मला आमच्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. पोस्टातील शिल्लक त्यासाठी आणि माळवदाच्या डागडुजीसाठी वापरावी. चन्नवीरची वाट पाहत देह अडवून ठेवू नये. विमान वेळेवर येत नाही, आणि मला ताटकळत बसायचा कंटाळा आहे.

कलम ९. नातू बसव, ज्याला त्याचे आईबाप तिकडे बॉबी म्हणतात, तो कधी काळी इकडे आला तर त्याला आड, शाळा आणि देवळाची पायरी दाखवावी. त्याला मराठी येत नसेल तर कोणी हसू नये. हसायचेच असेल तर त्याच्या बापाला हसावे.

या मृत्युपत्राचा अंमल बाबूराव कुलकर्णी वकील यांनी करावा.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर मी अयोध्येला समोर बसवून वाचून दाखवला. मला वाटले, ती रडेल. ती म्हणाली, "बाई, यात भाडं लिवलं न्हाय."

मी म्हटले, "तुझ्याकडून कसलं भाडं?"

"लिवा. फुकट राह्यले तर उद्या कुणीबी म्हणल, उपकार केलते, आता ऊठ. भाडं देणाऱ्याला तसं म्हणता येत न्हाय."

बाबूराव वकील चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, हे कलम माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सबब अयोध्या कांबळे मागच्या खोलीचे भाडे दरमहा पंधरा रुपये विमलच्या नावे पोस्टात भरील व पावती स्वतःजवळ ठेवील. भाड्याचा आकडा तिनेच सांगितला. मला तो जास्त वाटला, परंतु ती ऐकेना.

हे मृत्युपत्र मी वाचून, पुन्हा वाचून, माझ्या इच्छेप्रमाणे आहे अशी खात्री करून, खालील साक्षीदारांसमक्ष सही केले. यापूर्वी मी कोणाला तोंडी काही कबूल केले असल्यास ते आजपासून रद्द समजावे.

सही: शिवकांता शरणबसप्पा हत्तरगे

साक्षीदार:
१. दगडोबा लिंबाजी माळी, शेजारी, तुळजापूर (निशाणी, डाव्या हाताचा अंगठा)
२. सत्यभामा नारायण देशपांडे, शिक्षिका, तुळजापूर

स्थळ: तुळजापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर १९६८