तीन नंबरच्या खोलीचं कुलूप

गुरुजी, आज दुपारी माझ्याकडून शाळेचा पदभार काढून घेतला, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. पण मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही माझे पहिले मुख्याध्यापक होतात, आणि आज जे केलं ते तुम्ही दिलेल्या कुलपाच्या जोरावर केलं. तुम्हाला कळवणं भाग आहे.

माझ्या शाळेला चार खोल्या आहेत. तिसऱ्या खोलीचं छत दोन पावसाळ्यांपासून गळतंय, सळया उघड्या पडल्यात. मी तीनदा कळवलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, कागद कशाला पाठवायलात? ग्रुपवर फोटो टाका, साहेब बघतेत." मी फोटो टाकले. खाली अंगठा उमटला, आणि मी समजले, कळवलं. गेल्या महिन्यात भर वर्गात गिलावा सुटला आणि चौथीतल्या एका मुलीच्या डोक्यात पडला. पाच टाके पडले. तिच्या वर्गाची शिक्षण सेविका त्या वेळी मतदार यादीचे कागद घेऊन गावात दारोदार फिरत होती. तिला सरकारी आदेशानंच पाठवलं होतं. वर्ग सोडून का गेलात, अशी नोटीस तिलाच आली. छताला कोणी नोटीस काढली नाही. आणि फोटोंचं विचारलं तर म्हणाले, कार्यालयाकडे लेखी असं काही आलेलंच नाही.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष. शाळेमागच्या विहिरीला कठडा नाही, म्हणून तुम्ही लिहून दिलेला अर्ज मी तालुक्याला देऊन आलेय आणि मोठ्या तोऱ्यात सांगायला तुमच्या दारात उभी आहे. काकू भाकरी थापतायत, तुम्ही जेवताय. तुम्ही विचारता, "पोच कुठाय?" मी म्हणते, "कारकुनानं घेतला की कागद." तुम्ही हातातला घास ताटात ठेवता. "बाई, तुमी कागद टाकून आलात, दिला न्हाई. समोरच्याचा दस्तखत घेतल्याबिगर दिला म्हणायचं न्हाई. आन् पोच मिळाली म्हणून झोपायचं बी न्हाई. कठडा होईस्तोवर एक लेकरू तिकडं फिरकणार न्हाई, हे बघणं आपलं काम." मला रडू आलं होतं. तुमच्यासमोर रडले नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घराचं पितळी कुलूप काढून विहिरीकडच्या फाटकाला लावलंत. काकू म्हणाल्या, "आता घराला काय लावू, सुतळी?" सोनपेठच्या बाजारात घेतलेलं ते कुलूप तुम्ही निवृत्त होताना माझ्या हातात दिलंत. कशाला, ते सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

गिलावा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते तिसऱ्या खोलीला लावलं आणि चौथीचा वर्ग व्हरांड्यात बसवला. त्यावरून महिनाभर चाललंय. परवानगी न घेता वर्गखोली बंद केली, हा माझा गुन्हा. आज विस्तार अधिकारी पदभार काढण्याचा आदेशच घेऊन आले. तो पुढ्यात ठेवायच्या आधी त्यांनी एकदा समजावून पाहिलं. "कशाला ताणायलात, मॅडम? निवृत्तीला आठ महिने राहिले तुमचे. सेविका वर्गात नव्हती म्हणून पोरीला लागलं, एवढं लिहून द्या. खोली उघडा. हा आदेश मी परत नेतो."

मी म्हटलं, "ती वर्गात असती तर गिलावा तिनं वरच्या वर झेलला असता का?"

सेविका दारातच उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माझ्यासाठी नका हो..." "तुझ्यासाठी नाही," मी म्हटलं. "नाक पूस आणि वर्गावर जा. पाढे घे." त्या मुलीची आई डबा द्यायला आली होती, तिनं सगळं ऐकलं. "साहेब, खोली चांगली हाय म्हणता, तर तुमीच बसा की आत घंटाभर. आमी भायेरून बघताव." व्हरांड्यातली चौथी फिदीफिदी हसली. मी त्यांना दटावलं, पण जरा उशिरानं.

साहेबांनी किल्ली मागितली. मी साठा नोंदवही उघडून पुढं केली. हे कुलूप तिच्यात नाही. "कुलूप माझं आहे. खोली लेकरांना बसायला सुरक्षित आहे असं लिहा, खाली सही करा, किल्ली आत्ता देते. नाहीतर पंचनामा करून तोडा. तोडणाऱ्याची सही मी घेणार." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीच्या गजांतून छताकडं पाहिलं. टोपण परत लावलं.

पदभार सहशिक्षकाकडे दिला. यादी माझ्या अक्षरात केली, दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. या वेळी पोच घेतली, गुरुजी. हे पत्र त्याच प्रतीच्या घडीत ठेवणार आहे. यादी इथं उतरवते.

दाखलखारीज रजिस्टर. साठा नोंदवही. हजेरीपट. शाळेचा शिक्का. पोषण आहाराचा तराजू. घंटा आणि हातोडी. कपाटाच्या दोन किल्ल्या. खोल्यांच्या तीन किल्ल्या. शेरा: तीन नंबरच्या खोलीचं कुलूप खासगी असल्याने किल्ली दिलेली नाही. शिक्षण सेविका त्या दिवशी आदेशाने आणि माझ्या माहितीने बाहेर होती. छत धोक्याचं आहे हे मला ठाऊक होतं, तरी वर्ग तिथं मीच बसवत होते. कुलूप तेव्हा माझ्या कपाटात होतं.