आम्ही येतो

२ ऑक्टोबर
आम्ही पुनावळ्यात दाखल झालो. स्वतःला आम्ही म्हणायची माझी जुनी खोड आहे आणि बायकोचा, विजयश्रीचा, त्यावर तितकाच जुना राग. शनिवार पेठ सोडताना ती आणि आमची लेक दिव्या दोघीही खूश होत्या. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, वर्षभर फुकट. बदल्यात बिल्डर निरंजनरावांच्या लॉबीतल्या एका भिंतीवरचा मजकूर आम्ही लिहून द्यायचा, विषय १९१८ साल. त्या साली त्यांच्या पणजोबांनी ही जमीन घेतली, एवढंच त्या सालाचं महत्त्व. त्याच साली महायुद्ध संपलं असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, पाकिस्तानबरोबरचं का. असो. गॅलरी चांगली मोठी आहे.

५ ऑक्टोबर
युद्ध गेलं खड्ड्यात. इथली खरी गोष्ट मानमोडीची. त्या साली तापाची साथ आली, माणसं मान टाकून पटापट मेली. गावाने आजाऱ्यांसाठी टॉवरमागच्या माळावर झोपड्या बांधल्या. तिथे आता पुढच्या फेजचं पार्किंग होणार. स्वयंपाकाला येणाऱ्या कुसुमताई मूळच्या इथल्या. त्या म्हणाल्या, पणजोबानं जमीन घेतली म्हंजी काय, अडवायला उरलंच कोन व्हतं.

साथ ओसरल्यावर धडधाकट माणसं आजाऱ्यांना येतो येतो सांगून गावात परतली आणि पुन्हा फिरकलीच नाहीत. ते आजारी अजून वाट बघतात म्हणे. म्हणून माळावरून निघताना येतो म्हणायचं नाही, जातो म्हणायचं. हे सगळं त्या पोळ्या लाटता लाटता सांगत होत्या. हातात स्मार्टफोन आला, अक्कल मात्र होती तिथेच.

६ ऑक्टोबर
माळ पाहिला. बाभळी, राडारोडा, चार दगड. कुसुमताई कडेलाच थांबल्या, हात जोडून आमी जातो म्हणाल्या. आम्ही मुद्दाम मधोमध उभे राहिलो आणि सभेत बोलावं तसं खणखणीत म्हणालो, बरंय, आम्ही येतो.

कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला. मग विचारलं, साहेब, आमी म्हंजी किती जनं. आम्हाला हसू आवरेना.

९ ऑक्टोबर
कुसुमताई कामाला येईनाशा झाल्या. दिव्या सांगते, गेटपाशी माणसं उभी असतात, तुम्ही कधी येणार म्हणून विचारतात. वॉचमनला झापलं. त्याला कोणीच दिसत नाही. त्याला समोरून आलेला टेम्पोही दिसत नाही, तेव्हा त्याची साक्ष कशाला काढा.

११ ऑक्टोबर
दोघींना ताप. वाकडच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सोडून दिलं. मान सरळ का राहत नाही असं विचारलं, तर उशी बदला म्हणाले. आम्ही ठणठणीत. भीती वाटते आहे. लिहायला लाज वाटते, पण वाटते आहे.

१३ ऑक्टोबर
कुसुमताईंना फोन केला. म्हणाल्या, एका तोंडानं तिघांचं बोलून आलात, आता त्यांनी तिघांची जागा धरली असंल. सांगून बघा एकटाच व्हतो म्हनून. ऐकतील का, ते न्हाई म्हायीत.

आणि आम्ही कुसुमताईंना अडाणी— आम्ही नाही. मी. मी अडाणी.

१४ ऑक्टोबर, दुपार
माळावर गेलो. सांगितलं, आम्ही म्हणजे मी. एकटा. बायकोचा, पोरीचा संबंध नाही. बाभळींना व्याकरण शिकवत उभा होतो, मूर्ख. बोलायची रीत आहे म्हणालो, पुण्यात बोलतात तसं—

मधोमध झोपडी आहे. त्या दिवशी नव्हती. आत गवताच्या पथाऱ्या. दोन मोठ्या. एक लहान.

१५ ऑक्टोबर
दिव्या गार पडली आहे. नाही, झोपली आहे. विजयश्री डोळे उघडत नाही. मान उशीवर ठेवली की घसरते— पुन्हा ठेवतो—

मीच जाऊन पडतो तिथे. एक पथारी भरली की दोघींना सोडतील. सोडायला हवं.

दाराशी वही धरून लिहितो आहे. घरातून निघताना आयुष्यात पहिल्यांदा जातो म्हणालो. विजयश्रीने ऐकलं असतं तर—

मागे दिव्या उभी आहे. मान खांद्यावर. चपला घातल्यात. तिच्या मागे दार भरून कोण—

म्हटलं, बाळा, मी एकटाच जातो.

ती हसली. माझ्यासारखीच. म्हणाली, बाबा, आम्ही