आप्पांचा उंट आणि कडेचं प्यादं

रवि. ८ फेब्रु.
निपाणी. आप्पांशी यंदाच्या सामन्यातला शेवटचा डाव. सामना बरोबरीत, म्हणजे निकाल ह्याच डावावर. ऊन कललं तसे आप्पा उठले. दिवसाउजेडी जेवायचं, जैनाघरचा नेम; त्यापुढं बुद्धिबळसुद्धा नाही. पटावर दुरडी पालथी घातली. पुढच्या रविवारी तिथूनच. खेळी माझी.
माझ्याकडं राजा नि घोडा. त्यांच्याकडं राजा, उंट, दोन प्यादी : एक अगदी कडेचं, एक त्याच्या शेजारचं. हरल्यातच जमा.
बसपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "तंबाखूचं दुकान मिटवलं. हे तेवढं राहिलंय. निकाल लागला की आक्काला घेऊन बेंगळूरला जातो, पोराकडं." मी बरं म्हटलं.

मंगळ. १०
बेळगुंदीला घरी तोच पट मांडून ठेवलाय. घोडा मागं ठेवला, हरतो. राजा पुढं काढला, हरतो. सौ. म्हणते, हरायला एवढा अभ्यास? कॅम्पातल्या ऑफिसात पाटील म्हणाला, मोबाइलला विचार की, लगेच सांगतोय. त्याला सांगितलं, मला आजवर कुणी शिकवलेलं न्हाय, आता मोबाइल शिकवणार?
जिंकणं नकोच आहे. हरणं तर नकोच नको.

गुरु. १२
सापडलं. दाढी करताना.
आप्पांचा उंट पांढऱ्या घरांचा. कडेच्या प्याद्याचं शेवटचं घर काळं. उंटाचा तिथं काडीचा उपयोग नाही. शेजारचं प्यादं तेवढं मारलं, माझा राजा त्या कोपऱ्यात बसला, की त्याला कोण उठवतंय. शह नाही, हलायला घर नाही : बरोबरी. प्याद्यासाठी घोडा द्यायचा.
मेख एकच. घोड्यानं त्या प्याद्यावर नेम धरला नि त्यांनी ते एक घर सरकवलं, की मी खलास. ते न सरकवता उंटानं त्याला जोर दिला, म्हणजे पाठीशी राहून राखलं, तरच जमतं. आप्पा देशी डावात वाढलेले. त्यात कोंडलेल्या राजाला समोरच्यानंच वाट द्यायची, बरोबरी नाही. आम्ही नव्या नियमानं खेळतो, पण हाताची सवय... भरवसा तेवढाच.

रवि. १५
दुरडी उचलली. घोडा त्या प्याद्यावर लावला. आप्पांनी चष्मा पुसला, परत पुसला. उंटानं जोर दिला.
घोड्यानं प्यादं, उंटानं घोडा. राजा कोपऱ्यात. तरी शेवटपर्यंत कडेचं प्यादं ढकलत राहिले, मग हसले.
"कोंडलास की रं. आमच्या जुन्या खेळात वाट द्यावी लागत होती."
"आता न्हाय, आप्पा."
"म्हंजे निकाल?"
"न्हाय लागला."
"मग जायाचं कसं? आणि एक डाव लावू."
केवढं हलकं वाटलं. आप्पांच्या मंडळींनी, आक्कांनी, आग्रह करून दिवस असतानाच जेवायला वाढलं. भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "आठवडाभर दुरडी उचलून बसत होते हे. एक प्यादं पुढं सरकवायचं, परत जागेवर ठेवायचं. मला वाटलं, आज तेच खेळणार."
आप्पा ताक पीत होते. वर बघितलं नाही.

सोम. १६
बरोबरी मी शोधली. कुणाला न विचारता. हे खरंच आहे.
कुठलं प्यादं, ते आक्कांना विचारलं नाही. त्यांना सांगता आलंही नसतं बहुतेक. राहू दे.
रविवारी पांढरी मोहरी माझी. आप्पांचा फोन : जरा लवकर ये, ऊन कलायच्या आत डाव...